लाभ, एक, दोन, तीन, चार

१

आटपाट तळं होतं. तळ्याच्या काठी मये गाव, आणि गावाच्या वरच्या अंगाला, डिचोलीकडे वळणाऱ्या रस्त्यालगत एक घर. घरात चार माणसं राहत होती: कृष्णनाथ, त्याची बायको विमला, मुलगा गौरेश आणि सून सेजल. कुत्रं नाही, मांजर नाही. चार म्हणजे चारच. हे आधी सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे सगळा घोळ मोजण्याचा झाला.

कृष्णनाथाचं शेत थोडकं, पण हात मोजणीचा. वाड्यावर कुणाचंही भात खळ्यात पडलं की पायली घेऊन त्यालाच बोलावत. तो उकिडवा बसायचा, पायली भरायचा, तळहाताने काठ सपाट करायचा आणि पहिल्या पायलीला म्हणायचा, "लाभ." एक म्हणायचं नाही. लाभ, मग दोन, मग तीन. शाळेत तो कधी गेला नाही, मोजायला खळ्यातच शिकला. त्यामुळे नारळ असोत की कौलं, त्याची सुरुवात लाभानेच व्हायची. माणसं मोजताना तेवढा तो जीभ आवरायचा. माणसं म्हणजे भात नव्हे.

सेजल चोपड्याची, नदीकाठची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तीन वेळा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा तिसरा महिना सरायच्या आत घर पुन्हा चारांचं झालं. पहिल्या वेळी तिने निळ्या लोकरीचं टोपडं विणलं होतं. दुसऱ्या वेळी नवं विणलं नाही, तेच काढून उन्हात ठेवलं. तिसऱ्या वेळी कपाट उघडलंच नाही.

दिवाळी झाली, भात घरात आलं, आणि एक दिवस जेवता जेवता सेजल म्हणाली, "आता माका खंयचो डॉक्टर नको, खंयचो देव नको. दोन दिस दर्याकडे घेऊन चला."

नऊ वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. गौरेशने त्याच महिन्यात नवी गाडी घेतली होती. तो घास तोंडात ठेवूनच हो म्हणाला.

२

बेत सोप्यावर बसून झाला. सेजलने वही घेतली, गौरेशने फोनवर नकाशा उघडला, कृष्णनाथाने चष्मा लावला. त्याला नकाशातलं काही कळत नव्हतं, पण चष्मा लावला.

"म्हापसा, शिवोली," गौरेश बोट सरकवत म्हणाला, "पूल ओलांडलो की तुझा चोपडे, थंयसून मोरजी. पयलो मुक्काम मोरजेक. दुसऱ्या दिसा हरमल, केरी. केरीत फेरीबोट."

"फेरीत गाडी घालतत ती माका बघूची आसा," कृष्णनाथ म्हणाला.

"तुमी गाडी बघूक जातास काय दर्यो?" विमला म्हणाली.

"दर्यो खंय पळता? तो थंयच आसा."

सेजल हसली. तोंडावर पदर घेऊन नाही, मोकळी हसली. विमलाला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणूनच तिचं पुढच्या गोष्टीकडे लक्ष गेलं.

"फेरीन पलीकडे तेरेखोल," गौरेश म्हणाला, "मगे शिरोडा, दुसरो मुक्काम. तिसऱ्या दिसा परत."

"परत येताना चोपड्याक थांबूया," सेजल म्हणाली. "दादाकडे चाय घेऊया."

"जाताना थांबूया की, वाटेरच आसा."

"नको. येताना."

तिने ते लिहिलं आणि वही मिटायला घेतली. विमलाला अक्षर येत नव्हतं, पण तिने गौरेशला वाचायला लावलं. त्याने वाचलं: मोरजी, हरमल, केरी, तेरेखोल, शिरोडा, चोपडे.

"आणि घर?" विमलाने विचारलं.

"घर काय लिहूचा, आई," सेजल म्हणाली. "ता आसाच."

दोन दिवसांनी कपड्यांच्या घड्या ठेवताना विमलाने सेजलची बॅग उघडली. दोन रात्रींची बॅग. त्यात माहेरची गोधडी होती. शिवणाची कात्री होती. प्लास्टिकच्या पिशवीत शाळेचे दाखले होते. आणि तळाला, हातरुमालात गुंडाळलेलं, निळं टोपडं.

विमलाने बॅग होती तशी बंद केली. सून चोपड्याहून परत येणार नाही हे तिला कळलं, जसं दूध नासलेलं वासावरून कळतं. तिने नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. बोललं की ते व्हायचंच, असं तिला वाटलं. आणि काय बोलणार? मी तुला कधी टोचलं का, असं विचारावं, तर टोचलं नव्हतंच. नुसतं दर महिन्याला तोंडाकडे बघितलं होतं.

चार जाणार हे ठरलं होतं. परत किती येणार, एवढाच तिच्यापुढे प्रश्न होता.

३

नवी गाडी, लांबची वाट, म्हणजे वेशीवरच्या राखणदाराच्या कानावर घालणं आलं. शनिवारी सकाळी चौघं गाडी घेऊन गेले. तिथे मूर्ती नाही, देऊळ नाही. आंब्याखाली दगडाची घुमटी आहे आणि पुढ्यात फुटलेल्या नारळांचा ढीग. तळ्याचं पाणी तिथून दिसतं.

गाऱ्हाणं घालायचं काम कृष्णनाथाचं. त्याने नारळ घुमटीसमोर धरला, पायातल्या चपला मागे सारल्या आणि सुरू केलं.

"बा देवा राखणदारा, हो नारळ मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मागून तिघं म्हणाली.

"आमच्या घरातली माणसां वाटेक लागतत. लाभ..."

तो थांबला. कालपर्यंत आठ दिवस खळ्यात बसून तो भातच मोजत होता. चूक त्याच्या लक्षात आली. त्याने नव्याने मोजलं. "एक. दोन. तीन. चार. जितकी सांगलंय, तितकी सुखरूप परत घराक हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

गौरेश म्हणाला, सेजल म्हणाली, विमलाही सवयीने म्हणून गेली. आणि ती म्हणून झाल्यावर, जरा उशिराने, आणखी एकदा "व्हय" ऐकू आलं. बारीक. विमलाने तळ्याकडे बघितलं. पाण्यावरून आवाज असा परत येतो, तिला माहीत होतं. पण परत आला तो एकच.

नारळ फुटला. बाकीचे गाडीकडे गेले, तेव्हा तिने नवऱ्याची बाही धरली.

"अहो, तुमी लाभ म्हणालात."

"जिभेर इला. मगे चार मोजलंय नाय?"

"लाभ आणि चार. पाच झाली."

"देव काय शाळेतलो मास्तर, बेरीज तपासूक?"

"मगे परत सांगा. चार म्हणान सांगा."

कृष्णनाथाने फुटलेल्या नारळाकडे बघितलं. "फोडल्यार परत सांगनत नाय," तो म्हणाला, आणि चपला शोधायला लागला.

४

मंगळवारी पाववाला पोदेर आला. रोज सकाळी तो सायकलवर भोंगा वाजवत येतो, फाटकाला लावलेल्या पिशवीत चार उंडे पाव टाकतो आणि जातो. विमलाने पिशवी आत आणली तर उंडे पाच.

बुधवारीही पाच. गुरुवारी ती फाटकात उभी राहिली.

"पाच कित्याक घालतस?"

"तुमीच सांगलात न्हय, एक वाढय म्हणान?"

"कोणी सांगला?"

"घरातल्यान आवाज इलो," पोदेर म्हणाला. "तोंड कोण बघता, मी सायकलीर." आणि भोंगा वाजवत गेला.

गौरेश म्हणाला, त्याचा हिशेब दुसऱ्या कुणाच्या घराशी गेला असेल. पटण्यासारखं होतं. पाचवा उंडा कुणी खाल्ला नाही. दुपारी विमलाने तो कावळ्यांना टाकायला घेतला, तर एका बाजूने तो कुरतडलेला होता. उंदीर असेल.

संध्याकाळी मोरजीहून फोन आला. खोली ज्यांच्या घरात घेतली होती, त्या कमलाक्षीबाई. सेजलने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"पाच जणां न्हय तुमी? पाचव्याक धाकली खाट पुरे मगे?"

"चारच आसंव आमी," सेजल म्हणाली.

"हांगा पाच लिवलेली आसा."

गौरेशने आपला फोन काढून बघितला. पाच होते. "चाराच्या बाजूकच पाच आसता," तो म्हणाला. "बोट घसारला." हेही पटण्यासारखं होतं. सेजल मात्र फोन ठेवल्यावरही त्या फोनकडेच बघत राहिली. "धाकली खाट," ती स्वतःशीच म्हणाली, आणि उठून चहाचं बघायला गेली.

मग गाडी. शनिवारपासूनच ती वाजत होती, पण आधी कुणी लक्ष दिलं नाही. आजकालच्या गाड्यांना तशी सोय असते. सीटवर माणूस बसलं आणि पट्टा लावला नाही, की टिंग टिंग करत राहते. ही मागच्या मधल्या सीटसाठी टिंग टिंग करायची, आणि तिथे कुणी नसायचं. गौरेशने सीटवरची पाण्याची बाटली काढली. छत्री काढली. सीट झटकली. टिंग टिंग.

डिचोलीला धाकू मेकॅनिकने अर्धा तास डोकं घातलं. "वजन लागता तिका," तो म्हणाला. "कसला ता माका कळना नाय. तुमी पट्टो लावन सोडा, गप बसतली."

गौरेशने रिकाम्या सीटचा पट्टा ओढून खटकन लावला. गाडी गप्प झाली. धाकू हात पुसत आत गेला. विमला गाडीच्या दाराशी उभी राहून बघत होती. रिकाम्या सीटवर पट्टा पाठीला चिकटून पडायला हवा. हा तसा पडला नव्हता. मधे वीतभर फुगून राहिला होता, उशी बांधल्यासारखा.

तिने हात पुढे केला. मग मागे घेतला आणि दार लावलं.

५

निघाले शुक्रवारी. पुढे बाप-लेक, मागे सासू आणि सून, मधे पट्टा लावलेली जागा. विमलाने तिथे खाण्याची पिशवी ठेवायला घेतली, पण सेजलने ती उचलून पायाशी घेतली.

मोरजीला सगळं ठीक झालं. कासवांनी अंडी घातलेल्या जागा काठ्या रोवून, दोरी बांधून राखल्या होत्या. कृष्णनाथ रखवालदाराशी गप्पा मारत उभा राहिला, किती अंडी, किती दिवस, सगळं विचारलं. सेजल लाटांच्या कडेने लांबवर चालत गेली आणि परत आली. गौरेशने तिचे फोटो काढले. ओल्या वाळूत पावलं उमटली होती आणि विमलाने ठरवून ती बघितली नाहीत.

दुसऱ्या दिवशी केरीला गाडी फेरीबोटीत चढली. कृष्णनाथ पोरासारखा पुढे जाऊन कठड्याला टेकला. गौरेश त्याच्या मागे गेला, बाप पाण्यात पडू नये म्हणून. सेजल मात्र पाठीमागच्या बाजूला उभी राहिली. तिने कंबरेला खोचलेला हातरुमाल सोडला, टोपडं हातात घेतलं, त्याचे बंद एकदा सरळ केले आणि मूठ उघडली. निळा ठिपका फेसावर थोडा वेळ दिसला. मग नाही दिसला.

वळली तर मागे विमला.

"बघलास, आई?"

"नाय गो," विमला म्हणाली. "काय बघूचा?"

सेजलच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. कामाचं एक ओझं उतरवल्यावर माणूस उभं राहतं तशी ती उभी होती. विमलाला वाटलं, आता चोपडं तेवढं राहिलं.

तेरेखोलला उतरून गाडीत बसले तर गाडी पुन्हा वाजायला लागली. मधला पट्टा सुटला होता.

"मीच नीट लावक नसतलंय," गौरेश म्हणाला. त्याने हात मागे घालून पट्टा लावला, आणि हात बघितला. "सीट ओली कशी?"

"काच उघडी रवली," कृष्णनाथ म्हणाला. "लाटेचा पाणी इला असतला."

चारही काचा बंद होत्या. विमलाने त्या मोजल्या. मनातल्या मनात, एकापासून.

६

शिरोड्याचा मुक्काम झाला, आणि रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला गाडी चोपड्याला पोचली. नदीकाठी सेजलच्या भावाचं, गुरुदासचं घर. चहा झाला, शेव झाली, फेरीबोटीची गोष्ट कृष्णनाथाने दोनदा सांगितली. मग सगळे उठले आणि सेजल उठली नाही. तिची बॅग तिने आधीच गाडीतून काढून ओसरीवर ठेवली होती.

"तुमी जावा," ती म्हणाली. "मी रवतंय."

"किती दिस?" गौरेशने विचारलं.

तिने बॅग भिंतीशी सरकवली. गौरेशला तेव्हा कळलं. तो तसाच गाडीत जाऊन बसला, चावी हातात धरून. कृष्णनाथाने एकदा बॅगेकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि मुकाट पुढच्या सीटवर गेला. गुरुदास चहाच्या कपबश्या घेऊन आत गेला आणि आतच थांबला.

विमला अंगणात उभी होती. हात धरावा, पाया पडावं, काहीही करावं असं तिला वाटलं. आणि त्याच वेळी दुसरं एक तिच्या मनात येऊन बसलं. जितकी सांगितली तितकी परत आणायची, असं मागणं होतं. पाच सांगितली होती. सेजल इथे राहिली तर गाडीत तीन. मग राखणदार पाच कशी पुरी करणार? कुठून?

तिने पुढचं मनात येऊ दिलं नाही.

"येतंय म्हण तरी," ती सेजलला म्हणाली. "रवतंय म्हणा नको."

सेजलने मान खाली घातली.

गौरेशने गाडी सुरू केली. टिंग टिंग. त्याने मागे बघितलं. पट्टा लावलेला होता. त्याने काढून पुन्हा लावला. टिंग टिंग. विमला आत बसली, आपला पट्टा लावला, मधला दाबून बघितला. गाडी वाजतच राहिली. आधी ठरावीक वाजायची, आता घाई केल्यासारखी वाजत होती. नदीवरून तो आवाज परत येत होता, जरा उशिराने.

"बंद करा मरे ता," सेजल ओसरीवरून म्हणाली.

"होना नाय," गौरेश म्हणाला.

ती पायऱ्या उतरून आली. आपल्या बाजूचं दार उघडलं, पट्टा बघायला आत वाकली, आणि वाकलेली तशीच राहिली.

विमला पलीकडच्या खिडकीशी होती. तिच्यात आणि सेजलमध्ये फक्त ती मधली जागा. विमलाने तिकडे बघितलं नाही. तिने सेजलच्या तोंडाकडे बघितलं. नऊ वर्षं ती ते तोंड बघत होती, पण त्यावर असं काही तिने कधी बघितलं नव्हतं. भीती नव्हती. ओळख पटल्यासारखं होतं.

सेजलचे दोन्ही हात पुढे आले. तिने हवेत, सीटपासून हातभर उंचीवर, गाठ मारली. हळू, दोन बोटं आत ठेवून, हनुवटीखाली मारतात तशी. तिची बोटं बाजूला झाली तेव्हा विमलाला तिथे बोटभर निळा बंद दिसला, ओला, टोकाशी थेंब धरलेला. तिने डोळे मिटले.

गाडी वाजायची थांबली.

"आई," सेजलचा आवाज आला, "थोड्या तिकडे सरा."

ती आत बसली. दार लागलं.

"बॅग?" गौरेश म्हणाला.

"दादा आणून दितलो. तू चल. सावकाश घे."

गाडी मयेच्या वाटेला लागली. आरशातून गौरेश बायकोकडे बघत होता आणि ती खिडकीबाहेर बघत होती. तिचा डावा हात मधल्या जागेवर होता. टेकलेला नव्हता, जरा वर होता, आणि श्वासाबरोबर हलावा तसा खालीवर होत होता.

वेशीवर गौरेशने गाडी थांबवली. कृष्णनाथ उतरला, घुमटीसमोर हात जोडून उभा राहिला. एवढंच म्हणाला, "जितकी सांगलंय तितकी इली, म्हाराजा." या खेपेला त्याने मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी वाजली नाही. नंतरही कधी वाजली नाही. धाकू म्हणाला, सेन्सर आपोआप बसला असेल.

७

सेजलला दिवस राहिले. तिसरा महिना सरला, तेव्हा विमलाने तिच्या तोंडाकडे बघायचं सोडून दिलं. सातवा सरला. गणेशचवथीला आठ दिवस असताना मुलगी झाली. सुखरूप, दोघीही. नाव तनया ठेवलं.

बारशाला पाहुण्यांनी सात-आठ टोपडी आणली, गुलाबी, पांढरी, मोत्यांची. सेजलने सगळी हौसेने घेऊन बाजूला ठेवली. पाळण्यात घालताना तिने कपाट उघडलं आणि निळं काढलं. लोकर मिठाने कडक झाल्यासारखी होती. तिने ती तळहातावर चोळून मऊ केली, बंद सरळ केले, दोन बोटं आत ठेवून गाठ मारली. विमला पाळण्याची दोरी धरून समोरच होती. तिने दोरी ओढली.

घर भरलं. गौरेश वेळेवर घरी यायला लागला. सेजल मोठ्याने हसते, आणि चोपड्याला गेली की अंगणातून "येतंय" म्हणून निघते. पोदेर पाच उंडे टाकतो. पाचवा आता कुणी कावळ्यांना टाकत नाही.

तनया चालायला लागली, बोलायला लागली. त्या वर्षी भात चांगलं आलं. खळ्यात रास पडली आणि कृष्णनाथ उकिडवा बसला. त्याने पायली भरली, तळहाताने काठ सपाट केला आणि जन्माच्या सवयीने म्हणाला, "लाभ."

"ओ," ओसरीवरून तनया म्हणाली, आणि दुडदुडत त्याच्याकडे आली.

कृष्णनाथाने पायली खाली ठेवली. विमलाने सूप खाली ठेवलं. सेजल तेवढी दारात उभी राहून हसत होती.

त्या घरात आता भात एकापासून मोजतात. घरात माणसं पाच, आणि रास दरवर्षी वाढतेच आहे.